ब्रशकटर घेताय? आधी गवत बघा, मग सीसी

मे महिना संपत आला की मला दिवसाआड एक तरी फोन येतोच, दादा ब्रशकटर (खांद्याला अडकवून गवत कापायचं मशीन) घ्यायचंय, कुठलं घेऊ. आणि विचारणाऱ्यानं बऱ्याचदा मनात आधीच ठरवलेलं असतंय की बावन्न सीसीचं घ्यायचं, कारण दुकानात तो आकडा सगळ्यात मोठा दिसतोय आणि आठ-दहा हजारांत मिळतंय. मग ऑगस्टमध्ये त्याच माणसाचा परत फोन, दादा मशीन चालूच होईना. म्हणून म्हटलं एकदा बैजवार लिहून काढावं.

मी कोल्हापुरात बागांच्या मेंटेनन्सची कामं घेतो. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीतले बंगले, काही अपार्टमेंट, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या मोकळ्या जागा आणि पाऊस सुरू झाला की पन्हाळ्याच्या बाजूचे फार्महाऊस. तर हे सगळं ज्याला रोज मशीन खांद्याला लावून पोट भरायचंय त्याच्यासाठी आहे. स्वतःच्या परड्यातलं पाच-दहा गुंठं वर्षातून दोनदा कापायचं असेल तर एवढ्या खोलात जायची गरज नाही, हलकं मशीन घ्या नाहीतर भाड्यानं आणा.

आधी कापायचं काय ते बघा. लॉनची कड, फरशीच्या फटीतली हरळी, भिंतीलगतचं गवत, हे मशीनच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या नायलॉन दोरीचं काम. कमरेएवढं वाढलेलं गाजर गवत, टाकळा, बांधावरचं जाड गवत, हे तीन दातांच्या पात्याचं काम. आणि घाणेरी, रानमोडी किंवा अंगठ्याएवढी जाड झुडपं आली की करवतीसारखं गोल पातं लागतं. तुमच्या महिन्याच्या कामात यातलं कुठलं किती आहे, आणि दिवसाला खरोखर किती तास मशीन चालणार आहे, या दोन गोष्टी कागदावर लिहा. अर्धी निवड तिथंच होते. शहरातले बंगले आणि सोसायट्या असतील तर दिवसातला मोठा वेळ दोरीच फिरणार. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडची कामं असतील तर पातं.

आता सीसीचं. सीसी म्हणजे सिलिंडरच्या आत पिस्टन जेवढी जागा झाडतो तेवढं माप, ताकद नव्हे. ताकद बघायची किलोवॉटमध्ये. उदाहरण देतो, स्टिल कंपनीचं एफएस १२० हे मशीन ३०.८ सीसीचं आहे आणि ताकद १.३ किलोवॉट. होंडाचं जीएक्स ३५ इंजिन ३५.८ सीसीचं आहे, म्हणजे मापानं मोठं, पण ताकद १ किलोवॉट. असं कसं? कारण पहिलं टू-स्ट्रोक आहे, त्याच्यात क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो, आणि दुसरं फोर-स्ट्रोक, त्याच्यात दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून टू-स्ट्रोकचा सीसी आणि फोर-स्ट्रोकचा सीसी शेजारी ठेवून तुलना करूच नका. आणि एखाद्या मशीनवर ५२ सीसी मोठ्या अक्षरात आणि किलोवॉटचा आकडा कुठंच नसेल तर दुकानदाराला माहितीपत्रक मागा, ते नसेल तर मशीन परत ठेवा. माझ्या मते शहरातल्या कामाला १ किलोवॉटच्या आसपास पुरतंय, डोंगराकडच्या झुडपांना दीड किलोवॉटच्या पुढं, म्हणजे चांगल्या टू-स्ट्रोकमध्ये चाळीसेक सीसी. त्याच्यावर गेलात की ताकदीपेक्षा वजनच जास्त उचलताय.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा खरा प्रश्न आणि इथंच सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

टू-स्ट्रोकमध्ये खाली ऑईलची टाकी नसते. पेट्रोल आणि हवा क्रँकच्या डब्यातूनच वर सिलिंडरमध्ये जातात, त्यामुळं तिथं ऑईल साठवून ठेवता येत नाही, पेट्रोलबरोबरच ऑईल आत पाठवावं लागतं. जुन्या बजाज चेतकला पंपावर टूटी ऑईल मारून घ्यायचो ना, तेच. फायदा असा की इंजिन हलकं, साधं, कसंही वाकडं धरलं तरी ऑईलची चिंता नाही, आणि रेस दिली की लगेच उचलतंय. तोटा म्हणजे धूर, आवाज, आणि साध्या टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं, म्हणून पितंय जास्त. नवीन चांगल्या मशीनमध्ये आधी साधी हवा आत सोडून हे बरंच कमी केलंय, पण त्याची किंमतही तशीच असते.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल वेगळं, पेट्रोल साधं. आवाज जाडसर आणि सौम्य, सकाळी साडेसातला अपार्टमेंटमध्ये चालू केलं तरी वरच्या गॅलरीतून कुणी ओरडत नाही. पेट्रोल कमी लागतं. पण वजन जास्त भरतं आणि आतमध्ये व्हॉल्व्ह असल्यामुळं दुरुस्तीला जरा जाणता मेकॅनिक लागतो. आणि एक गोष्ट फार लोक विसरतात, जीएक्स ३५ सारख्या इंजिनात ऑईल बसतंय १०० मिलि, म्हणजे चहाचा एक लहान ग्लास. तेवढ्याशा ऑईलवर ते इंजिन मिनिटाला सात हजार फेरे मारतंय. त्यातलं पंचवीस-तीस मिलि कमी झालं तरी इंजिनाला जाणवतं, म्हणून रोज सकाळी झाकण उघडून बघायचं, पहिलं ऑईल दहा तासांत बदलायचं आणि मग दर पन्नास तासांनी.

माझ्याकडं एक वर्ष दोन्ही प्रकारची मशिनं होती. जुलैचा महिना, शिरोलीत कारखान्याच्या मागची जागा कापायची होती, दोन गडी दोन मशिनं घेऊन लागले. पेट्रोलचे दोन्ही कॅन पांढरेच. अकराच्या सुमाराला टू-स्ट्रोकची टाकी संपली, गड्यानं जवळचा कॅन उचलला आणि ओतला, तो निघाला फोर-स्ट्रोकचा, साध्या पेट्रोलचा. मशीन चालू झालं, उलट नेहमीपेक्षा जरा जास्तच तेज पळालं, आणि थोड्याच वेळात ओढल्यासारखा आवाज करत बंद पडलं. स्टार्टरची दोरी ओढली तर हलेना. उद्यमनगरात नेऊन खोललं. मेकॅनिकनं सिलिंडर वर उचललं आणि पिस्टन माझ्या हातात दिला, सायलेन्सरच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा, नख फिरवलं की खरखर लागत होतं, रिंग खाचेत दबून बसलेली. दुसऱ्या बाजूनं मात्र पिस्टन अगदी नव्यासारखा. मेकॅनिक म्हणाला, मालक, ऑईल नसलं की सगळ्यात गरम बाजू आधी चिकटती, ही बघा. नवीन सिलिंडर-पिस्टनचा खर्च मशीनच्या निम्म्यात गेला. चूक गड्याची नव्हती, दोन कॅन एकसारखे ठेवले ती चूक माझी.

तेव्हापासून माझा नियम, एका टीममध्ये एकाच प्रकारचं इंजिन. आणि हाताखाली बदलते गडी असतील, रोज नवीन माणूस हजेरीवर येत असेल, तर सरळ फोर-स्ट्रोक घ्या, मिक्सिंगचा प्रश्नच राहत नाही. स्वतः चालवणार असाल किंवा एकच भरवशाचा माणूस असेल आणि कामं चढ-उताराची असतील तर टू-स्ट्रोक, हलकं पडतंय.

टू-स्ट्रोक घेतलं तर मिक्सिंग अंदाजानं करायचं नाही. चांगल्या ऑईलला आणि चांगल्या मशीनला ५० ला १, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलि, पाच लिटरच्या कॅनला १००. बऱ्याच स्वस्त मशिनांना २५ ला १ सांगितलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिलि, पाच लिटरला २००. मशीनच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच, शेजारच्याचं ऐकून नाही. मेडिकलमधून सुई नसलेली मोठी सिरिंज आणा, मापाचा घोळच होत नाही. टूटी ऑईलला कंपन्या रंग टाकतात तो याचसाठी की मिक्स केलेलं पेट्रोल डोळ्यांनी ओळखता यावं, म्हणून कॅन असा घ्या की बाहेरून रंग दिसेल.

पेट्रोलवरून आठवलं. आता पंपावर मिळतंय ते २० टक्के इथेनॉलचं. आपल्या जिल्ह्याला इथेनॉल नवीन नाही, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतूनच ते जातंय, आणि उसाला चार पैसे जास्त मिळत असतील तर चांगलंच आहे. पण ब्रशकटरवाल्यानं एक गोष्ट समजून घ्यावी, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलै-ऑगस्टमधली कोल्हापूरची दमट हवा, अर्धा भरलेला कॅन, सैल झाकण, असं बरेच दिवस पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसू शकतं, आणि मशीनचा पेट्रोलचा पाईप टाकीच्या तळातूनच ओढतो. शिवाय कार्बोरेटरमध्ये एक पातळ रबरी पडदा असतो, डायफ्राम म्हणतात, तोच पंपाचं काम करतो, तो जुन्या पेट्रोलमध्ये पडून राहिला की कडक होतो. ऑगस्टमध्ये चालू होईना म्हणून जी मशिनं येतात त्यातल्या कित्येकांना फक्त हा पडदा आणि फिल्टर बदलला की पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू होतात. म्हणून पेट्रोल आठवड्याला लागेल तेवढंच आणायचं आणि मशीन पंधरा दिवस बाजूला ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवून ठेवायचं. घेताना एवढंच बघा की त्या मॉडेलचं डायफ्राम किट दुकानात आत्ता शिल्लक आहे का.

दोरीबद्दल लोक फार कमी विचार करतात. २.४ मिमीची दोरी पंचवीस-तीस सीसीच्या मशीनला, ३ मिमीची पस्तीसच्या पुढं. गोल दोरी टिकते आणि आवाज कमी करते, चौकोनी दोरी कापते जास्त पण इंजिनावर भारही जास्त टाकते. उन्हात पडून दोरी कडक झाली असेल आणि पटापट तुटत असेल तर रात्रभर पाण्यात भिजत घाला, नायलॉन पाणी पितं आणि परत लवचिक होतं, माझ्याकडं एक बादली त्यासाठीच आहे.

आणि गार्ड, म्हणजे पात्याच्या-दोरीच्या वर बसवलेलं संरक्षक झाकण. हा विषय काढला की लोक वैतागतात पण मी बोलणारच. आपल्याकडं दहातल्या सात-आठ मशिनांचा गार्ड काढलेला दिसतो, म्हणतात गवत अडकतंय, गार्ड नसला की एका फेरीत गवताचा रुंद पट्टा कापून निघतो. त्या गार्डच्या कडेला एक छोटं पातं असतं, ते दोरी ठराविक लांबीवर कापत राहतं. ते गेलं की दोरी वीतभर जास्त लांब फिरते. दोरीचा सगळ्यात जास्त भार तिच्या टोकाला असतो, कारण टोकच सगळ्यात जोरात हवा आणि गवत कापत असतं, त्यामुळं लांबी थोडी वाढली तरी भार कितीतरी पटीनं वाढतो. इंजिनाचे फेरे पडतात, फेरे पडले की क्लच पूर्ण पकडत नाही, घसरतो, तापतो, आणि फेऱ्यावर चालणारा गार वाऱ्याचा पंखाही मंद झालेला असतो. मग सहा महिन्यांत क्लच गेला की नाव मशीनचं. आणि खडा उडतो तो वेगळाच. हिशोब करून बघा, २५५ मिमीचं पातं साडेसहा हजार फेऱ्यांनी फिरलं तर त्याच्या टोकाचा वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या वर जातो. एका बंगल्यात माझ्या माणसाच्या मशीनमधून हरभऱ्याएवढा खडा उडाला आणि पोर्चमधल्या गाडीच्या मागच्या काचेचा क्षणात चुरा झाला, गाडी चांगली तीस फुटांवर होती. तिथं गाडीच्या जागी लहान पोर असतं तर, हा विचार अजून झोपेत येतो. पुस्तकात १५ मीटर लांब ठेवा म्हणून लिहिलेलं असतंय, ते उगाच नाही.

त्याच्याच पुढची गोष्ट, बाजारात साखळीचे तुकडे लावलेलं एक हेड (पात्याच्या जागी बसवायचा फिरता भाग) मिळतं, झुडपं तोडायला म्हणून विकतात. ते चुकूनही घेऊ नका. साखळीची एक कडी तुटली की ती बंदुकीच्या गोळीसारखी जाते, युरोपियन युनियननं २०१२ मध्ये असल्या हेडच्या विक्रीवर बंदीच घालायला लावली.

वजन आणि पट्टा. दुकानात मशीन हातात उचलून "हलकं आहे की" म्हणू नका, पट्ट्याला अडकवून दहा मिनिटं उभं राहा. रोजच्या कामाला दोन्ही खांद्यांचा पट्टा आणि मांडीच्या बाजूला जाड पॅड पाहिजेच, एका खांद्याच्या पट्ट्यावर चार तास काम केलेल्या माणसाची मान दुसऱ्या दिवशी वळत नाही. हात सोडले की दोरीचं हेड जमिनीला हलकं टेकलं पाहिजे, म्हणजे तोल बरोबर आहे. झुडपांच्या पात्याला मात्र ते जमिनीपासून वीतभर वर तरंगलं पाहिजे. सायकलच्या हँडलसारखं हँडल मोकळ्या जागेला चांगलं, कारण पातं डावी-उजवीकडं एकसारखं फिरतं, गोल कडीचं हँडल कुंड्या-झाडांच्या मधून फिरायला. पाठीवर इंजिन घ्यायचं मॉडेल बांधावर आणि उतारावर सोयीचं, पण पाय घसरला किंवा आग लागली तर पाठीवरून पटकन काढता आलं पाहिजे, ती क्लिप दुकानातच दोनदा उघडून बघा.

हाताला मुंग्या येतात का हेही विचारात घ्या. संध्याकाळी चहाचा कप धरताना बोटं बधिर वाटत असतील तर ते कामाचा थकवा म्हणून सोडू नका, वर्षानुवर्षं कंपन बसलं की बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, थंडीत बोटं पांढरी पडायला लागतात, आणि ते नंतर बरं होईलच असं नाही. चांगल्या मशीनच्या माहितीपत्रकात कंपनाचा आकडा दिलेला असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग असा. युरोपात आठ तासांच्या दिवसाला ५ ही वरची मर्यादा आहे आणि २.५ पासूनच मालकानं उपाय करायचे असतात. तो आकडा जेवढा कमी तेवढं बरं, आणि यासाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी मी देतो, माझ्या गड्याची बोटं त्याच्या पुढची वीस वर्षं चालायचीत.

सर्व्हिसचं एका वाक्यात, ज्या मशीनचा एअर फिल्टर, स्टार्टरची स्प्रिंग, क्लचचे बूट आणि कार्बोरेटर कोल्हापुरात त्याच दिवशी मिळत नाही ते मशीन फुकट मिळालं तरी महाग आहे, कारण जुलैमध्ये आठ दिवस मशीन बंद म्हणजे आठ दिवसांची हजेरी बसून आणि पार्टी दुसऱ्याकडं गेली.

दुकानात चालू करून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. थंड मशीन, चोक लावून, तुम्ही स्वतः ओढायचं. चालू झाल्यावर रेस पूर्ण सोडा आणि पात्याकडं बघा, ते थांबलेलंच पाहिजे. रेस नसताना पातं फिरत असेल तर क्लच किंवा आयडलिंगमध्ये गडबड आहे, आणि असं मशीन घेऊन चालताना पाय अडखळला तर काय होईल ते सांगायला नको. मग शाफ्टच्या नळीवर हात ठेवून रेस द्या, थरथर एकसारखी पाहिजे, मध्येच खडखड आली तर आतला बुश किंवा रॉड सरळ नाही. खालच्या गिअरला ग्रीस भरायचा स्क्रू कुठं आहे ते विचारून घ्या, दर पंचवीस तासांनी थोडं ग्रीस लागतं आणि बरेच गिअर निव्वळ ग्रीसविना कोरडे पडून जातात.

बिलाबरोबर पूर्ण चेहऱ्याची जाळी, तिच्या आत घालायचा चष्मा, कारण बारीक कण जाळीतून येतात, आणि कानाचे मफ घ्या. गमबूट आपले आपण घ्या, पावसाळ्यात उंच गवतात घोणस असते आणि मशीनच्या आवाजात तिचा फुत्कार ऐकू येत नाही.

आणि पहिल्या दिवशी पातं बदलताना नट सुटत नाही म्हणून हातोडा घेऊ नका. तो नट उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो, कारण पातं वरून बघितलं तर उलट्या दिशेनं फिरतंय आणि साधा आटा असता तर चालता-चालता सैल झाला असता. गिअरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात मशीनबरोबर आलेली पिन घालून पातं अडवायचं आणि मग पाना लावायचा. ती पिन हरवू नका, मी तर पट्ट्यालाच दोरीनं बांधून ठेवलीय.